एन३ नंतरचे तेरा आठवडे

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ सर्वांत सोपी आणि एन१ सर्वांत कठीण पातळी. त्यातली मधली एन३ पास झाल्यावर जपानी जिथे अडतं ते ठिकाण पटकन सापडत नाही. परिच्छेदातले बहुतेक शब्द ओळखीचे असतात, व्याकरणाचे प्रकारही नावानिशी माहीत असतात, तरी वाक्य संपेपर्यंत कोण कोणाला काय म्हणालं हे हातातून निसटतं. अशा वेळी सहसा पुढच्या पातळीचं नवं पुस्तक आणलं जातं. मी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतचे तेरा आठवडे आखले. त्या रविवारी एन२ची परीक्षा होती. आखणीतलं पहिलं काम होतं पुस्तकं कमी करण्याचं. कपाटातली सात पुस्तकं होती, त्यांतली तीन बाहेर ठेवली: व्याकरणाचं एक, वाचनाचं एक, ऐकण्याचं एक. शब्दसंग्रहासाठी वेगळं पुस्तक ठेवलंच नाही. शब्द वाचनातून येतील आणि पाठांतराच्या कार्डांवर (पुढे शब्द, मागे अर्थ) जातील, एवढंच ठरवलं.

त्याआधी एक रविवार मोजमापात घातला. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ साली निघालेले दोन पूर्ण सराव-संच ध्वनिफितींसह मोफत मिळतात. पूर्ण आणि खात्रीचे संच एवढे दोनच, त्यामुळे ते जपून वापरावे लागतात. पहिला सुरुवातीला सोडवला आणि दुसरा अकराव्या आठवड्यासाठी न उघडता ठेवला. सोडवताना घड्याळ समोर हवं. एन२मध्ये शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १०५ मिनिटं असतात आणि ऐकण्याला ५० मिनिटं. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या तिन्ही विभागांना प्रत्येकी ६० गुण, एकूण १८०. उत्तीर्ण व्हायला ९० लागतात, पण कोणत्याही एका विभागात १९च्या खाली गेलात तर एकूण गुणांचा उपयोग नाही. शब्द आणि व्याकरणाचे प्रश्न संख्येने पन्नासच्या वर असतात, वाचनाचे जेमतेम वीस-एकवीस, आणि गुण दोघांनाही सारखेच साठ. हे लक्षात आलं की वेळ कुठे घालायचा हे कळतं. पहिल्या संचात माझे वाचनातले शेवटचे सहा प्रश्न वेळेअभावी तसेच राहिले, आणि सोडवलेल्यांत निम्म्याहून कमी बरोबर आले. शब्द-व्याकरणावर ५५ मिनिटं गेली होती, ती ३५ मिनिटांच्या आत आणायला हवी होती.

मग प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहिलं. शब्दच माहीत नव्हता तर ‘श’, शब्द माहीत पण वाक्याची रचना लागली नाही तर ‘र’, कळलं पण वेळ संपला तर ‘व’, आणि ऐकताना ध्वनीच ओळखू आला नाही तर ‘ध’. ‘श’ सर्वाधिक निघतील असं वाटलं होतं. सर्वाधिक निघाले ‘र’. पुढचं सगळं नियोजन या चार अक्षरांवर उभं राहिलं.

तासांचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. कामाच्या दिवशी अडीच तास: सकाळी ४० मिनिटं कार्डं आणि कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं), येण्या-जाण्यात ३० मिनिटं ऐकणं, रात्री ८० मिनिटं वाचन नाहीतर व्याकरण. शनिवार-रविवार पाच-पाच तास, तेही १०० मिनिटांच्या तीन बैठकांत, कारण सलग बसल्यावर तिसऱ्या तासानंतर डोळे फक्त ओळींवरून फिरतात. आठवड्याचे साडेबावीस तास झाले. सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे सणांचा काळ. घरात गणपती असोत की दिवाळी, त्या आठवड्यात रोज अडीच तास मिळतील असं धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. म्हणून दोन आठवडे उघडपणे ‘सात तासांचे’ धरले, त्यांत फक्त जुनी कार्डं आणि ऐकणं. बेरीज झाली २६१ तास ३० मिनिटं. प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या आसपास भरले, आणि तेवढे भरतील असंच मनात धरलं होतं.

कार्डांसाठी अंकी हे अॅप वापरलं. ते प्रत्येक कार्ड ठरावीक अंतरांनी उजळणीला पुन्हा समोर आणतं. इथे सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो गणितात. रोज नवी कार्डं जितकी घ्याल त्याच्या सात ते दहा पट उजळणीची कार्डं दोन-तीन आठवड्यांत रोज समोर येऊ लागतात. नवी ३० घेतली की अडीचशे-तीनशेचा डोंगर. एका कार्डाला दहा सेकंद धरले तरी तासाच्या आत बाहेर, आणि मग वाचनाला वेळच नाही. पंधरा नवी घेतली की रोज सव्वाशे-दीडशे येतात आणि २५ मिनिटांत हातावेगळी होतात. आठवड्याला सहा दिवस, नऊ आठवडे, रोज पंधरा, म्हणजे जेमतेम आठशे शब्द. एन३ आणि एन२ यांमधलं अंतर साधारण दोन हजार शब्दांचं मानतात. २०१० नंतर परीक्षेची अधिकृत शब्दयादी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण दोन्ही पातळ्यांच्या कांजी ओळखीच्या असतील तर उरलेले बरेचसे शब्द वाचताना आपोआप उलगडतात, त्यासाठी कार्ड लागत नाही. सणाच्या आठवड्याआधी चार दिवस नवी कार्डं बंद करावीत. नव्या कार्डांच्या उजळण्या पहिल्या काही दिवसांतच गर्दी करतात, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तीनशे कार्डं थकलेली पाहून मन उतरतं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहिला नाही. ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य लिहिलं, शब्दाखाली रेघ, कांजीवर उच्चार नाही. मागे उच्चार आणि मराठी अर्थ. मराठीच का, ते पुढे येईल. पण मराठीही कधी कधी चकवते, त्याचं एक उदाहरण इथेच द्यायला हवं. ‘वाझातो’ आणि ‘वाझावाझा’ या दोन्हींवर मी ‘मुद्दाम’ लिहिलं होतं आणि दोन्ही कार्डं सतत चुकत होती. मराठीत ‘मुद्दाम ढकललं’ आणि ‘मुद्दाम भेटायला आला’ या दोन्हींना एकच शब्द आहे. जपानीत पहिला ‘वाझातो’, त्यात खोडसाळ हेतू. दुसरा ‘वाझावाझा’, त्यात तसदी घेणं. मागे ‘मुद्दाम (खोडी)’ आणि ‘मुद्दाम (तसदी)’ असं लिहिल्यावर दोन्ही सुटली. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अंकी ‘लीच’ म्हणजे जळू म्हणून बाजूला काढतं. अशी कार्डं परत त्याच रूपात आत घेऊ नयेत. शब्द न बसण्याचं कारण बहुतेक वेळा कार्डाच्या लिखाणातच असतं.

कांजीसाठी रोज फक्त पंधरा मिनिटं ठेवली. एन२पर्यंत साधारण हजार कांजी ओळखाव्या लागतात. मध्यम पातळीवर त्या एकेक सुट्या घोकण्यापेक्षा उच्चार सांगणाऱ्या घटकाप्रमाणे गट पाडले तर कष्ट वाचतात. ‘निळा’ या अर्थाची कांजी ज्यांच्या उजव्या अंगाला बसते त्या बहुतेकींचा चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’ असतो: सेइतेन म्हणजे निरभ्र हवा, सेइकेत्सु म्हणजे स्वच्छ, सेइशिन म्हणजे मन, सेइक्यू म्हणजे पैशांची मागणी. डावीकडचा भाग अर्थाचा इशारा देतो: सूर्य, पाणी, तांदूळ, बोलणं. असे तीस-चाळीस गट वहीत उतरवले की अनोळखी शब्दाचा उच्चार अंदाजाने तरी काढता येतो, आणि उच्चार काढता आला की शब्द कोशात सापडतो.

एका कांजीचे दोन-दोन उच्चार का, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. शब्द एकटा असताना आपण ‘पाणी’ म्हणतो, पण सामासिक शब्दात ‘जल’ येतो. जपानीतही एकटं ‘मिझु’, समासात ‘सुइ’. पोहणं म्हणजे ‘सुइएइ’, पाणी आणि पोहणं या दोन कांजी, शब्दशः जलतरण. ‘जिशिन’ म्हणजे भूमी आणि कंप, अगदी भूकंप. ‘सुइरो’ जलमार्ग. देशी शब्द आणि तत्सम शब्द यांचं आपल्या कानाला असलेलं भान जपानीत जसंच्या तसं उपयोगी पडतं.

आता ‘र’, म्हणजे रचनेच्या चुका. तेरा आठवड्यांतलं सगळ्यांत मोलाचं काम इथे झालं. आपल्यातले बहुतेक जण जपानी इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि नकळत इंग्रजीत भाषांतर करत वाचतात. इंग्रजीत क्रियापद पुढे ओढावं लागतं, नामाची विशेषणं नामामागे न्यावी लागतात. लांब वाक्यात ही उलटापालट करता करता सुरुवात विसरायला होते. मराठीत तसं काहीच करावं लागत नाही. ‘किनोऽ, एकिमाए नो, मिसे दे, तोमोदाचि नि, सुसुमेरारेते, कात्ता, होन’ हे मराठीत ‘काल, स्टेशनासमोरच्या, दुकानात, मैत्रिणीने, सुचवल्यावरून, घेतलेलं, पुस्तक’. सातही तुकडे त्याच क्रमाने. म्हणून रोज एक परिच्छेद तोंडाने मराठीत, क्रम न बदलता, तुकडा-तुकडा म्हणत वाचला. मराठी जरा ओबडधोबड होते, ती सुधारत बसायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून लांब विशेषणवाक्यांची भीती गेली, आणि सहाव्यानंतर मराठीत म्हणण्याची गरज कमी होत गेली.

व्याकरणाच्या वहीतही तेच. ‘ताबेते मिरु’ खाऊन बघणं, ‘कात्ते ओकु’ घेऊन ठेवणं, ‘वासुरेते शिमाउ’ विसरून जाणं. इंग्रजी पुस्तक यांतल्या प्रत्येकाला अर्धं पान देतं, आपण हे शेंगदाणे खाता खाता बोलतो. ‘आमे गा फुरु सोऽ दा’ म्हणजे ‘पाऊस पडणार म्हणे’, ‘आमे गा फुरिसोऽ दा’ म्हणजे ‘पाऊस पडेलसं दिसतंय’. ऐकीव बातमी आणि डोळ्यांना दिसणारी चिन्हं यांतला फरक आपल्या ‘म्हणे’त आधीपासून आहे. ‘तामे नि’ आणि ‘योऽ नि’ हा एन३वाल्यांचा जुना त्रास: ‘हानासु तामे नि’ बोलण्यासाठी, ‘हानासेरु योऽ नि’ बोलता यावं म्हणून. जिथे मराठीत ‘यावं म्हणून’ येतं तिथे ‘योऽ नि’.

‘वाके’ची चार रूपं परीक्षेत हमखास येतात आणि इंग्रजी अर्थांनी ती एकमेकांत मिसळतात. ती अशी लिहून ठेवली. ‘वाके दा’: म्हणूनच तर, खिडकी बंद आहे म्हटल्यावर उकडणारच. ‘वाके गा नाइ’: तो असं बोलणं शक्यच नाही. ‘वाके दे वा नाइ’: आवडत नाही असं नाही. ‘वाके नि वा इकानाइ’: उद्या सुट्टी घेऊन चालणार नाही. शेवटच्यात जपानी क्रियापद ‘जाणं’ आहे आणि आपलं ‘चालणं’. एवढं जुळल्यावर ते पुन्हा विसरलं जात नाही.

देण्या-घेण्याची क्रियापदं मात्र सावधपणे हाताळावी लागतात, कारण इथे मराठी फक्त अर्धी वाट सोबत येते. ‘ते मोराउ’ म्हणजे करून घेणं: बहिणीकडून मदत करून घेतली. इथवर ठीक. पण मराठीत ‘दिलं’ हे कोणीही कोणालाही दिलं तरी ‘दिलं’च. जपानीत माझ्याकडे, माझ्या माणसांकडे आलं तर ‘कुरेरु’, माझ्याकडून बाहेर गेलं तर ‘आगेरु’. वाक्यात कर्ता नसतानाही कोणी कोणासाठी केलं हे या क्रियापदावरूनच कळतं, आणि वाचनातले निम्मे ‘हे कोणी केलं?’ प्रश्न यावरच बेतलेले असतात. ‘सासेते इतादाकु’ ऐकलं की काम करणारा बोलणाराच, समोरचा फक्त परवानगी देणारा. ‘मला करू द्या’ हे मराठी रूप शेजारी लिहून ठेवलं.

ऐकण्याच्या सरावात तास घालवून काहीच हाती न लागणं फार सोपं आहे. कानात जपानी चालू ठेवून इतर कामं करण्याने मध्यम पातळीवर फारसा फरक पडत नाही. दोन मिनिटांची एक फीत पाच दिवस घेतली. पहिल्या दिवशी मजकूर न बघता तीनदा ऐकणं आणि काय घडलं ते मराठीत दोन ओळींत लिहिणं. दुसऱ्या दिवशी वाक्यागणिक थांबवत ऐकलेलं कानामागून उतरवणं. यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो, दोन मिनिटांना चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी मजकुराशी ताडून लाल पेनाने चुका. चौथ्या-पाचव्या दिवशी आवाजाच्या अर्ध्या शब्दामागून बरोबरीने बोलणं. आठवड्याला एकच फीत.

लाल पेनाच्या खुणांतून जे दिसलं ते मराठी कानाबद्दल होतं. जोडाक्षर आपल्याला अडत नाही. ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांतला फरक लगेच कळतो, कारण ‘पता’ आणि ‘पत्ता’ आपण रोज वेगळे म्हणतो. अडतो तो स्वर. आपल्या ‘ओ’ला आणि ‘ए’ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. म्हणून ‘कोको’ म्हणजे इथे, आणि ‘कोऽकोऽ’ म्हणजे हायस्कूल, हे दोन्ही लिहिताना माझ्याकडून सारखेच लिहिले जात होते. त्यावर उपाय म्हणून बोलताना प्रत्येक दीर्घ स्वराला बोटाने टेबलावर दोन ठोके दिले. तीन आठवड्यांत लाल खुणा निम्म्यावर आल्या.

दुसरा मोठा गठ्ठा आखूड रूपांचा. पुस्तकात ‘शिते ओकु’, बोलण्यात ‘शितोकु’. ‘शिते शिमाउ’चं ‘शिचाउ’, ‘शिनाकेरेबा’चं ‘शिनाक्या’. आपण ‘काय करत आहेस’ लिहितो आणि ‘काय करतोयस’ म्हणतो, तसंच हे. अशी वीसेक रूपं एका कागदावर लिहून त्यांची वाक्यं मोठ्याने म्हटली. तिसरा आकडे. जपानी आकडे चार शून्यांनी पुढे सरकतात. ‘जूमान’ ऐकून आधी दहा गुणिले दहा हजार करायला गेलात तर पुढचं वाक्य निघून जातं. दहा मान म्हणजे लाख, हजार मान म्हणजे कोटी, एक ओकु म्हणजे दहा कोटी, असं थेट पाठ केलं. लाख-कोटीत विचार करणाऱ्याला हे फार जवळचं आहे.

‘आता काय करायचं’ विचारणाऱ्या प्रश्नांत संवादात चारही कामांची नावं येतात आणि एकेक करून गळतात: ‘ते झालंय’, ‘ते दुसरा करतोय’, ‘त्याआधी हे’. ‘मोऽ’ (आधीच), ‘सोनो माए नि’ (त्याआधी), ‘माझु’ (सर्वांत आधी) हे शब्द कानावर आले की पेन्सिल पर्यायावर फिरायला हवी. ध्वनिफीत एकदाच वाजते.

वाचनात रोजचं एकच परिमाण ठेवलं: ६०० अक्षरांचा परिच्छेद, घड्याळ लावून, शब्दकोश न उघडता. सुरुवातीला साडेपाच-सहा मिनिटं लागत होती, दहाव्या आठवड्यात साडेतीन. कोश उघडायचा तो परिच्छेद वाचून झाल्यावरच, आणि एका परिच्छेदात पाचच शब्द शोधायचे, तेही जे अडल्यामुळे अर्थ अडला. लेखकाचं मत विचारणाऱ्या परिच्छेदांत ‘पण’ आणि ‘थोडक्यात’ यांच्यानंतरचं वाक्य आधी बघावं. शेवटी येणारं वेळापत्रक किंवा जाहिरातीचं पान खऱ्या परीक्षेत थकून सोडलं जातं. तिथे प्रश्न आधी वाचून मग फक्त अटी शोधायच्या असतात, आणि बारीक टिपांमध्येच उत्तर असतं.

सहाव्या आठवड्यात गाडी रुळावरून उतरली. चार दिवस कार्डं झाली नाहीत आणि थकलेल्यांचा आकडा सहाशेच्या वर गेला. एका बैठकीत सगळी संपवायचा प्रयत्न केला तर पुढच्या दिवशी चुकलेल्यांचीच दुसरी लाट आली. मार्ग एवढाच: नवी कार्डं शून्य, रोजची मर्यादा दीडशे, वाचन आणि ऐकणं तसंच चालू. आठ दिवसांत आकडा खाली आला. अशा वेळी वाचन थांबवून कार्डं उरकणं ही मोठी चूक, कारण शब्द पक्के होण्याची जागा वाचनच आहे.

अकराव्या आठवड्यात दुसरा अधिकृत संच सोडवला. शब्द-व्याकरण ३४ मिनिटांत संपलं, वाचनाचे सगळे प्रश्न गाठता आले. ‘र’ निम्म्याहून कमी, आता ‘श’ सर्वाधिक. ते चालणारं आहे, कारण त्या टप्प्यावर शब्द वाढवणं एवढंच उरतं. शेवटचे दोन आठवडे नवं काही घेतलं नाही. फक्त चुकांची वही, ऐकण्याच्या जुन्या फिती, आणि रोज सकाळी परीक्षेच्या वेळी दोन परिच्छेद.

परीक्षेत लेखन आणि बोलणं नाही, म्हणून आखणीत त्यांना फक्त रोज रात्री पाच वाक्यं एवढीच जागा होती. त्या दिवशी शिकलेली रचना वापरून, स्वतःच्या दिवसाबद्दल. ती परीक्षेनंतरही चालू ठेवली. डिसेंबरचा निकाल जानेवारीच्या अखेरीस येतो. मधल्या सात-आठ आठवड्यांत नवी कार्डं रोज पाच, उजळणी वीस मिनिटं, आणि पाच वाक्यांऐवजी आठ.